आक्कांचा घट

नवरात्राच्या सातव्या माळेला आमच्या गल्लीतल्या बायका घर जरा जास्तच निगुतीनं सारवून ठेवायच्या. त्याचं कारण देवी नव्हती. त्या दिवशी आक्का घट बघायला यायच्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी पाथर्डीकडच्या एका कोरडवाहू गावात तीन वर्षं शाळामास्तर होतो. नगरच्या भिक्षुकी घरातला बावीस वर्षांचा मुलगा. स्तोत्रं तोंडपाठ, पण ज्वारीचं ताट कुठलं आणि बाजरीचं कुठलं, हे कुणी सांगितल्याशिवाय कळायचं नाही. आक्कांच्या धाब्याच्या घरातली रस्त्याकडची खोली मला भाड्यानं मिळाली होती. पहिल्या दिवशी त्यांनी मला ना गोत्र विचारलं, ना पगार. म्हणाल्या, "मास्तर, दात बरे हायेत का तुमचे?"

मी गोंधळून हो म्हणालो.

"मंग हे फोडा." त्यांनी ज्वारीचे दोन दाणे माझ्या तळहातावर ठेवले. मी दोन्ही चावले आणि चव सारखीच आहे म्हणालो.

"एक औंदाचा हाय, एक तीन सालामागचा," त्या म्हणाल्या. "नगरला काय शिकिवत्यात, काय की."

तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली असेल. उंच, काटक, रापलेल्या. लुगड्याच्या ओच्यात कायम मूठभर काहीतरी धान्य. वाटेत कुणाच्या खळ्यावर रास दिसली की न विचारता त्यातला दाणा उचलायच्या, दाताखाली धरायच्या, आणि टचकन आवाज आला की मान हलवायच्या. जेवायच्या उंबऱ्यात उभ्यानं. 'बसून जेवावं की हो आक्का,' असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाल्या, "बसलं की रान लई लांब वाटतं." नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. दिरांनी वाटणी मागितली, सावकाराच्या माणसांनी चकरा मारल्या; बाईनं एक बांध सरकू दिला नाही.

'चांगलं' हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. कौतुकाची कमाल म्हणजे 'चालंल'. शाळा तपासायला आलेले साहेब माझ्यावर खूश होऊन गेले, ते मी मोठ्या उत्साहानं आक्कांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "चालंल." वाईट मात्र त्या भरपूर आणि मोठ्यानं बोलायच्या. गावच्या गुरवानं एकदा घसा खाकरत विचारलं होतं, की विधवा बाईनं आपल्या हातानं घट बसवावा का? आक्का म्हणाल्या, "मालक गेलं तवा रान थांबलं न्हाई माझ्यासाठी. देवी बरी थांबंल?" गुरवानं पुन्हा तो विषय काढला नाही.

माझं आणि त्यांचं पहिलं भांडण घटावरूनच झालं. भांडण कसलं, मी शिकवायला गेलो आणि शिकून आलो. त्यांच्या देवघरात पत्रावळीवर काळी माती पसरली होती, तिला त्या वावरी म्हणत. तिच्यात सात प्रकारचे दाणे पेरलेले, मधोमध कुंभाराकडचं नवं मडकं पाण्यानं भरून ठेवलेलं, वर विड्याची पानं नि नारळ, आणि छताच्या कडीला कारळ्याच्या पिवळ्या फुलांची पहिली माळ. मी माझं ज्ञान पाजळलं. घट म्हणजे ब्रह्मांड, माती म्हणजे पृथ्वी, त्यात आदिशक्ती नऊ दिवस सृजन करते, वगैरे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आसंल," त्या म्हणाल्या. "पर माती कुठली घ्यायची, सांगा."

मी नदीकाठची म्हणालो.

"ज्या रानात पेरायचं त्याच रानातली. दाना पेरायच्या बियातलाच. देवीम्होरं मूठभर रान करायचं, मडक्याचं पानी झिरपतं, वरनं थोडं शिपडायचं, आन् नऊ दिस बघायचं. दसऱ्याला कळतं, ह्ये बी पेरावं का नगं. म्हंजी घट."

"मग देवी कशाला हवी? नुसत्या परातीत पेरलं तरी कळेल."

यावर त्या हसल्या. "मानूस एकला आसला की सोताला फसवतो, मास्तर. तिच्याम्होरं मांडलं की न्हाई फसवता येत."

मला ते पटलं नाही. मनात म्हटलं, अडाणी बाई आहे. घट हे शेवटी एक प्रतीक आहे, ते तिला काय कळणार!

सातव्या माळेला त्या घरोघर जायच्या ते याचसाठी. दोन्ही हात पाठीमागे बांधून घटावर वाकायच्या. हात लावायच्या नाहीत, कारण दसऱ्याला उठवेपर्यंत घट हलवू नये हा दंडक. मग निकाल सांगायच्या. "गहू चालंल. हरबरा ढिला हाय. ज्वारी मेली तुजी, दुसरी घे कुठनं तरी." त्यांना बियाण्याशी कर्तव्य होतं. पण घट उगवला नाही की तो घरातल्या बाईचा अवगुण, असं गाव मानायचं, आणि आक्कांचा 'मेली' हा शब्द चार घरं पलीकडे ऐकू जायचा. एका वर्षी एक तरणीताठी बाई त्यानंतर दसरा होईपर्यंत उंबऱ्याबाहेर पडली नाही. तेव्हा मला त्यात गंमत वाटली होती. आज वाटत नाही.

घरात आक्कांची सून होती. एकोणीस वर्षांची, शेवगावकडची. नवरा पलटणीत गेलेला, त्याचं पत्र दोन-तीन महिन्यांनी यायचं आणि ते मीच वाचून दाखवायचो. आदल्या वर्षी तिचं पहिलं मूल बाराव्या दिवशी गेलं. तेव्हापासून गल्लीनं तिच्यावर एक शिक्का मारून टाकला, 'हाताला यश न्हाई.' म्हैस आटली, तिनं धार काढली म्हणून. लोणच्याला बुरा आला, तिनं बरणीला हात लावला म्हणून. आक्का असलं काही बोलल्या नाहीत, पण कुणाला गप्पही केलं नाही. असल्या गोष्टींकडे त्या लक्षच द्यायच्या नाहीत, आणि तेवढ्यानं त्या पोरीचं भागत नव्हतं. ती घरात भिंतीच्या कडेकडेनं वावरायची.

माझ्या तिसऱ्या वर्षी सरकारची लेव्ही जोरात होती. धान्य मोजून न्यायला माणसं यायची आणि जो तो आपल्या चार पायल्या कुठंतरी दडवायचा. आक्का दरवर्षी ज्वारीचं बी राख मिसळून मडक्यांत घालून माळ्यावर ठेवत. त्या वर्षी माळा सुरक्षित वाटेना. अंगणात एक जुनं पेव होतं, जमिनीखालचं धान्याचं कोठार, कित्येक वर्षं न उघडलेलं. त्यात त्यांनी सगळं बी उतरवलं, वर फरशी टाकून शेणानं लिंपलं. आदल्या सालचं पीक तुटपुंजं; निम्म्या गावाकडे पेरायला दाणा उरला नव्हता. तेव्हा असं ठरलं, की औंदा सगळ्यांनी आक्कांच्या पेवातलं बी न्यायचं आणि सुगीला तेवढं परत आणून घालायचं.

आणि त्या वर्षी हस्ताचा पाऊस झकास झाला. काळं रान भिजून फुगलं. पेरणीला हवी तशी ओल, जिला वाफसा म्हणतात, ती दसऱ्याच्या आसपास येणार आणि चार-सहा दिवसांत सरणार. तेवढ्यात पेरलं तर वर्षाची भाकरी, नाहीतर काही नाही. गावात रामराम घालायचं सोडून लोक विचारायचे, "आक्काचा घट कसा हाय?"

पेवातून वरवरचं ओंजळभर बी काढून आक्कांनी घटात पेरलं होतं. चौथ्या माळेपर्यंत गहू टोकदार वर आला, हरभऱ्यानं माती उचलली. ज्वारीचा पत्ता नव्हता. आक्का दिवसभर रानात असायच्या. घटावर पाणी शिंपडायचं काम सुनेचं.

पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत मी घरी आलो. देवघराचं दार अर्धवट उघडं होतं. आत सून घटासमोर उकिडवी बसली होती. मांडीवर ओल्या फडक्यात मोड आलेली ज्वारी. नागपंचमीला माहेरी गेली होती तेव्हा आईनं दिलेल्या गाठोड्यातली. ती काडीनं मातीला भोक पाडून एकेक मोड आत सारत होती. मला बघून तिनं फडकं पदराखाली ओढलं.

"मास्तर, पाया पडते तुमच्या. आत्याबाईस्नी सांगू नगा."

"अगं, पण हे कशाला?"

"माझ्याच हातानं मेलं त्ये. रोज पानी मीच घालते ना. समद्यांस्नी ठावं हाय, माझ्या हाताला यश न्हाई." तिला रडूसुद्धा येत नव्हतं. "औंदा आक्काचा घट मेला म्हनलं तर गाव मला उभं ठेवायचं न्हाई."

मी नाही सांगणार म्हणालो. आज प्रामाणिकपणे सांगतो, त्यात दया होती, पण नुसती दया नव्हती. घट काय, एक प्रतीक. चार मोड इकडचे तिकडे झाले म्हणून काय बिघडलं, असा माझा शहाणपणा होता. शिवाय मी स्वतःही आक्कांना भीत होतो.

सातव्या माळेला आक्कांनी आधी स्वतःचा घट पाहिला. हात पाठीशी बांधून बराच वेळ वाकून उभ्या राहिल्या. ज्वारी अर्ध्या बोटाएवढी, हिरवीगार. मग ताठ झाल्या आणि म्हणाल्या, "चांगलं हाय."

त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. त्या दिवशी त्यांनी गल्लीत कुणाला 'मेलं' म्हटलं नाही. संध्याकाळी मला बोलावून वाटीभर भगर दिली. चुलीपाशी सून वर्षभरात पहिल्यांदा स्वतःशी काहीतरी गुणगुणत होती. आपण किती भलं काम केलं, असं मला वाटलं. त्या समाधानाची आठवण झाली की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

नवव्या दिवशी खंडेनवमी. अंगणात विळे, कुऱ्हाडी, नांगर धुऊन मांडलेले. मी माझी दौत-लेखणी त्या ओळीत आणून ठेवली. मधोमध पाभर, पेरणीचं अवजार. आक्का तिला हळदीकुंकू लावत होत्या. पेरणीची बोलणी करायला पाच-सहा शेतकरी आले होते.

"उद्या शिलंगन झालं की पेव उघडते," आक्का म्हणाल्या. "परवा पेरा."

त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आक्का, बी पक्कं ना? एवढीच ओल हाय बघ."

"घट बघ की जाऊन. तेच बी हाय."

तेच बी हाय! मी दौतीपाशी बसलो होतो, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. घटात जे उगवलं होतं ते तेच नव्हतं. जे उगवलं नव्हतं ते सगळं गाव परवा पेरणार होतं. ज्या पोरीला वाटत होतं की बी बरं आहे आणि आपला हात वाईट आहे, तिचं एक वेळ समजू शकत होतं. मी कसला मास्तर?

लोक गेले. मी उठून आक्कांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत. हळदीचे हात धुतले, पुसले आणि देवघरात गेल्या. मी मागोमाग. त्यांनी देवीला हात जोडले. "आई, उठवायच्या आदी हात लावते. बघितल्याबिगर इलाज न्हाई." आणि पाचही बोटं वावरीत खुपसली.

एक मोड वर आला, पांढऱ्या मुळासकट, मुळाशी माहेरचं पिवळसर टरफल. शेजारून एक टपोरा पांढरा दाणा निघाला, फुगलेला. त्यांनी तो चिमटीत दाबला. त्याचा काळसर लगदा झाला. दुसरा काढला, तिसरा काढला. एकही जिता नव्हता. बोटं नाकाशी नेऊन त्यांनी डोळे मिटले.

"पेवात वल लागून बियानं ऊब धरली," त्या म्हणाल्या. "वरनं चवीला बरं लागलं मला. पोरी, हिकडं ये."

सून आली ती पायांवर कोसळलीच. "आत्याबाई, माझ्याच हातानं..."

"गप. मला सांग, ही म्हायेरची कोनी पेरली?"

"मीच."

"पानी कोनी घातलं?"

"मीच."

"मंग उगवली का न्हाई?"

आक्कांनी तो हिरवा मोड तिच्या तळहातावर ठेवला. "एकाच मातीत, एकाच हातानं. तुजं उगवलं, माझं मेलं. मंग हात मेला का बी मेलं?"

तिनं मूठ मिटली आणि वर्षभराचं रडली. त्या रडण्यात दुःख किती होतं आणि सुटका किती, कुणास ठाऊक. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

आक्का जमिनीवर बसल्या. मला म्हणाल्या, "मास्तर, तुमाला चार दिस ठावं हुतं?"

"हो."

"मंग?"

मला प्रतीक-बितीक म्हणायचा धीर झाला नाही.

"देवीम्होरं फसवता येत न्हाई म्हनली हुती मी," त्या म्हणाल्या. "देवीला न्हाईच फसिवलं तुमी, मला फसिवलं. आन् मला खरं सांगायची भीती वाटावी, असं वागलं कोन? मीच. वीस वर्सं मेली, मेली म्हनत हिंडले." आवाजात राग नव्हता. मला राग परवडला असता.

दसऱ्याला सकाळी गाव ओट्यापुढे जमलं. घट उठवून त्यातले तुरे पागोट्यांत खोवायचे, म्हणून लोक ठेवणीतली पागोटी बांधून आले होते. आक्कांनी वावरी पत्रावळीसकट बाहेर आणली आणि सगळ्यांसमोर ठेवली. "बी मेलं हाय. पेवात घालायची अक्कल माझी. हे जे हिरवं दिसतंय ते सुनंनं लावलेलं, तिच्या म्हायेरचं हाय."

कालच्या म्हाताऱ्यानं वाकून त्या मातीत बोट घालून बघितलं. "म्हंजी उद्या आमी मेलेलं पेरलं असतं?"

"व्हय."

मागून कुणीतरी पुटपुटलं, सुनेनं देवीच्या घटाची इटंबना केली, म्हणूनच हे. आक्कांनी मान वर केली. "कोन बोललं त्ये? म्होरं या. तिच्या हातानं उगवलंय. मेलं त्ये माझ्या हातचं. बोलायचं आसंल तर मला बोला." पुढे कुणी आलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "आज शिलंगन हाय ना? शीव वलांडायचीच हाय. जुपा गाड्या."

दरवर्षी आमचं सीमोल्लंघन म्हणजे शिवेच्या दगडापर्यंत वाजतगाजत जायचं, आपट्याची पानं ओरबाडायची आणि परत यायचं. मुलांना मी शिकवायचो, की पूर्वी राजे या दिवशी शीव ओलांडून मोहिमेवर निघत. त्या दसऱ्याला आठ बैलगाड्या शिवेच्या दगडाशी थांबल्या नाहीत. नदीपलीकडच्या तीन गावांत गेल्या. पहिल्या गाडीत आक्का होत्या आणि त्यांच्यामागे मी. प्रत्येक चावडीसमोर त्या उतरायच्या, आपट्याचं पान पुढं करायच्या आणि सांगायच्या, "माझं बी मेलं. पेरायला द्या, सुगीला घालते." उभ्या आयुष्यात कुणाच्या दारात पदर न पसरलेली बाई. कुणी शेरभर दिलं, कुणी पायलीभर. त्यांच्याकडेही फार नव्हतं, पण दसऱ्याला दारी आलेल्याला कुणी नाही म्हणालं नाही. दिवस कलताना गाड्या परतल्या. हे आणलेलं बी कसं आहे, ते घटात पेरून बघायला आता नऊ दिवस कुणाकडेच नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आक्कांच्या रानात उभे होतो. वरची ढेकळं पांढरी पडू लागली होती. गावाची पेरणी आक्कांच्या मुठीनं सुरू व्हायची, हा वर्षानुवर्षांचा मान. पाभरीवर लाकडी वाटीसारखं चाडं असतं. त्यात बेतानं बी सोडत पाभरीमागं चालायचं, त्याला मूठ धरणं म्हणतात. मूठ ज्याची, पीक त्याच्या हाताचं, असं लोक मानत. बांधावर शेजारच्या रानांतली माणसं येऊन थांबली होती. बैल जुंपून झाले. आक्कांनी ओच्यातलं बी काढलं, एका फडक्यात घेतलं आणि सुनेच्या कमरेला बांधलं.

"मूठ तू धर," त्या म्हणाल्या.

बांधावर कुजबुज झाली. सून दोन पावलं मागं सरली. ती फडक्याची गाठ सोडू लागली. "आत्याबाई, नगं. गावाचं बी हाय त्ये. उगवलं न्हाई तर?"

"तर मोडून पुन्यांदा पेरू," आक्का म्हणाल्या. "आन् तवा मूठ तूच धरायची."